दुपारच्या फेरीतली दुसरी सही

इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या काउन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेत, प्रौढांच्या सामाजिक देखभालीच्या विभागात, मी करार-तपासणीचे काम करते. वृद्ध, अपंग किंवा दीर्घ आजारी माणसाला अंघोळ, जेवण, औषधे किंवा अंथरुणातून उठणे यांसाठी मदत लागत असेल, तर २०१४ च्या केअर ॲक्टनुसार त्याच्या गरजांची पाहणी करणे काउन्सिलवर बंधनकारक आहे. परंतु ती मदत देणारे हात बहुधा काउन्सिलचे नसतात. सेवा खासगी एजन्सीकडून तासाच्या दराने विकत घेतली जाते. एजन्सीची नोंदणी करून तिला श्रेणी देणे हे केअर क्वालिटी कमिशन या राष्ट्रीय संस्थेचे काम, आणि करारात ठरलेली सेवा प्रत्यक्ष त्या घरात पोहोचली की नाही हे पाहणे आमचे. कमिशनच्या श्रेणीवर विसंबून राहण्याचे दिवस कधीच गेले आहेत. डॉ. पेनी डॅश यांनी २०२४ साली सरकारसाठी केलेल्या पाहणीत, कमिशनच्या अखत्यारीतल्या साधारण पाचांपैकी एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळालेली नाही, असे आढळले. मी जिच्याविषयी लिहिते आहे त्या एजन्सीला श्रेणी होती, ‘चांगली’ अशी होती, आणि ती कित्येक वर्षे जुनी होती. गोपनीयतेसाठी माणसांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात रुग्णालयातून आमच्याकडे एक सूचना आली. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या एका बाईंना छातीच्या संसर्गामुळे दाखल केले होते आणि कपडे बदलताना त्यांच्या माकडहाडाजवळ खोल शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, दिसले होते. वॉर्डातल्या परिचारिकेने त्याचे मोजमाप घेतले होते, छायाचित्र काढले होते आणि कडेची त्वचा खेचली गेल्यासारखी दिसते, असे स्वच्छ शब्दांत लिहिले होते. अशी नोंद क्वचितच हाती येते. बहुतेक वेळा ‘त्वचा खराब’ एवढ्यावर भागवलेले असते आणि त्यावरून चौकशी कुठल्या दिशेने न्यावी हे कळत नाही. या एका वाक्यामुळे माझे निम्मे काम सोपे झाले. नुसते पडून राहिल्याने व्रण होतेच, परंतु त्वचा खेचली जाते ती माणसाला चादरीवरून ओढल्यावर. आणि या बाईंना ओढायचे कारणच नव्हते, कारण त्यांच्यासाठी दिवसातून चार वेळा दोन-दोन केअरर (घरी येऊन देखभाल करणाऱ्या कामगार), हॉइस्ट (माणसाला उचलणारे यंत्र) आणि स्लिंग (त्याला अडकवायची कापडी झोळी) यांचे पैसे काउन्सिल देत होती.

मी एजन्सीच्या नोंदी मागवल्या. केअररने घरात शिरताना आणि निघताना तिथल्या फाइलवरच्या इलेक्ट्रॉनिक टॅगला फोन टेकवायचा असतो, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. आलेल्या तक्त्यात सकाळची फेरी आठ ते साडेआठ, दुपारची साडेबारा ते एक, आणि प्रत्येक ओळीत दोन नावे होती. आठवड्यामागून आठवडे एकही मिनिट इकडचे तिकडे झालेले नव्हते. हे काम करणाऱ्या कोणालाही अशा तक्त्याची धास्ती वाटते. खऱ्या नोंदी वेड्यावाकड्या असतात: सात बावन्न, आठ अकरा, रविवारी बस कमी म्हणून आठ चाळीस, एखाद्या दिवशी आजीबाईंचे पोट बिघडले म्हणून पन्नास मिनिटे. तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला, छापताना बहुधा कापला जाणारा एक रकाना असतो. नोंद टॅगवरून झाली की कार्यालयातून हाताने भरली, हे त्यात लिहिलेले असते. बहुतेक नोंदी हाताने भरलेल्या होत्या. त्या भरल्या कधी, याचा तपशील सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून थेट मागवला, तेव्हा संपूर्ण आठवड्याच्या फेऱ्या एकाच व्यक्तीच्या लॉगिनने, रात्री अकरानंतर, एका बैठकीत भरलेल्या आढळल्या.

संगणकातल्या नोंदी एवढे सांगतात. पुढचे घरोघरच्या फाइलींत सापडते. त्याच एजन्सीकडे असलेल्या, दोन केअररची गरज असलेल्या इतर घरांच्या फाइली मी मागवून घेतल्या आणि एकाच दिवसाची पाने शेजारी-शेजारी मांडली. साडेबारा वाजता या बाईंच्या घरी सही करणारी दुसरी केअरर त्याच साडेबाराला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गृहस्थांच्या पानावरही हजर होती, तिथेही दुसरी म्हणूनच. म्हणजे जोडी कागदावर होती आणि प्रत्यक्षात प्रत्येक घरात एकच बाई जात होती. एकटीने हॉइस्ट चालवायचा म्हणजे एका हाताने स्लिंग सावरायची आणि दुसऱ्या हाताने कळ दाबायची. ते जमत नाही आणि वेळही नसतो, म्हणून मग काखेत हात घालून किंवा चादर धरून ओढले जाते. परिचारिकेच्या त्या वाक्याचा अर्थ आता पूर्ण लागला.

त्यानंतर मी दुपारच्या फेरीला, न कळवता, त्या गृहस्थांच्या घरी गेले. पक्षाघातानंतर त्यांना बोलता येत नाही, परंतु समजते सगळे. ते पलंगावर होते, स्लिंग त्यांच्या पाठीखाली सरकवून झाली होती, हॉइस्टचा दांडा खाली आणलेला होता आणि खोलीत एकच तरुण केअरर होती. मी ओळखपत्र दाखवून तिला थांबायला सांगितले. तिने ओळखपत्रावरचे आडनाव वाचले आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?”

मी तिला इंग्रजीतच उत्तर दिले. ते कोरडेपणाने नव्हे. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याच्या डोक्यावरून, त्याच्याच खोलीत, त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणे हा त्याचा अपमान आहे, असे मी मानते. मी त्या गृहस्थांना काय चालले आहे ते समजावले आणि एकटीने उचलू देणार नाही, हेही सांगितले. त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. त्यांचा पॅड पूर्ण भिजलेला होता. एजन्सीचा फोन कोणी उचलेना. शेवटी काउन्सिलच्या स्वतःच्या छोट्या पथकातून दोघी आल्या, तोवर पाऊण तासाहून अधिक वेळ गेला होता. त्या केअररने त्यांना हळूच कुशीवर वळवून जेवढे पुसता आले तेवढे पुसले, पाठीला उशी लावली, आणि ते करताना ती त्यांच्याशी सतत, हळू आवाजात, नाव घेऊन बोलत राहिली. तिचे हात शिकलेले होते. भारतात नर्सिंगचा डिप्लोमा करून ती इथे आली होती, हे नंतर कळले.

पथक आल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि मग मराठीत बोललो. वेळापत्रकात जोडी असते, मात्र सकाळी सहाला फोनवर दोन वेगवेगळे पत्ते येतात आणि ‘एकमेकींची सही करून टाका’ असे सांगितले जाते. पगार फक्त घरात असलेल्या मिनिटांचा मिळतो. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बाहेर राहून निम्म्याच तासांचे पैसे हाती येतात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात धरावा लागतो, हा इथला कायदा आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. विदर्भातल्या तिच्या गावी वडिलांनी शेत गहाण टाकून एजंटला पैसे दिले होते, आणि ते कशाचे, तर व्हिसासाठी मालकाने (म्हणजे स्पॉन्सरने) द्यायच्या ज्या स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रासाठी कामगाराने एक रुपयाही मोजायचा नसतो, त्याचे. “माझं नाव लिहू नका, ताई. मालकाने काढलं तर साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर कुठून आणू?” असे ती म्हणाली. साठ दिवसांचा तिचा हिशेब बरोबर होता. नोकरी गेली की गृहखात्याचे पत्र येते आणि तेवढ्या मुदतीत नवा स्पॉन्सर मिळाला नाही तर देश सोडावा लागतो.

आपल्याकडच्या ज्या कुटुंबांत ‘केअर व्हिसा’साठी जमीन विकायची किंवा गहाण टाकायची चर्चा झाली असेल, त्यांनी हे वाचावे अशी माझी फार इच्छा आहे. तो मार्ग परदेशातून येणाऱ्या नव्या केअररसाठी २२ जुलै २०२५ पासून बंद झाला आहे. आजही त्या नावाने कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.

मी तिचे नाव लिहिले नाही आणि तिचे म्हणणेही पुरावा म्हणून वापरले नाही. अहवाल मी पूर्णपणे लॉगिनच्या वेळा, दोन फाइलींतल्या एकाच वेळच्या सह्या आणि मी स्वतः पाहिलेले दृश्य यांवर उभा केला, म्हणजे कोण बोलले असा प्रश्नच उद्भवू नये. २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टनुसार, म्हणजे आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानुसार, काउन्सिलला शोषणाचा संशय कळवावा लागतो. प्रौढ व्यक्तीचे प्रकरण पुढे न्यायला तिची संमती लागते आणि ती नसेल तर नाव न देता सूचना पाठवायची असते. तिने संमती दिली नाही, म्हणून मी तशी सूचना पाठवली. माझ्या एका सहकाऱ्याचे मत असे की केअररचा जबाब घेतला असता तर मालकावर थेट कारवाई झाली असती आणि मी एका मुलीपायी तिच्यासारख्या इतर अनेकींना त्याच जागी ठेवले. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही, ज्या बाईला संरक्षण देणे माझ्या हातात नाही, तिच्याकडून धैर्याची मागणी करण्याचा मला अधिकार आहे, असे मला वाटत नाही.

एजन्सीला नवीन कामे देणे आम्ही थांबवले आणि सुधारणेचा आराखडा मागितला. तो देण्याऐवजी मालकाने नोटीस देऊन करारच परत केला. घरे इतर एजन्सींकडे वाटली गेली. हा विषय नगरसेवकांच्या छाननी समितीपुढे आला, तेव्हा किती फेऱ्या चुकल्या, पैसे वसूल झाले का, हे प्रश्न नीट विचारले गेले. आपण या सेवेला दर काय देत होतो, हे मात्र कोणीही विचारले नाही.

त्या दराविषयी मी गप्प बसू शकत नाही. किमान वेतन, प्रवासाचा वेळ, रजा, पेन्शन आणि कार्यालयाचा खर्च धरून इंग्लंडमध्ये घरगुती देखभालीचा एक तास किमान २८.५३ पौंडांना पडतो, असा होमकेअर असोसिएशन या एजन्सींच्याच संघटनेचा २०२४-२५ सालचा हिशेब होता. संघटना आपल्या सदस्यांची बाजू घेणार हे गृहीत धरले, तरी आमचा दर त्याहून इतका कमी होता की त्यात प्रवास बसणे शक्य नव्हते. शिवाय आम्ही मिनिटांवर बिल चुकते करतो. तीस मिनिटांच्या फेरीला बावीस लागली, तर आठ मिनिटांचे पैसे कापले जातात. तक्त्यातली ती सरळ तीस मिनिटे तिथून जन्माला येतात. दोघींच्या फेरीत एक उशिरा आली, तर दुसरी दारात उभी राहते आणि त्या वाट पाहण्याचे पैसे कोणीच देत नाही. जोड्या फोडण्याचा मोह तिथून सुरू होतो. मालकाने रात्री बसून खोट्या वेळा भरल्या, हा त्याचा गुन्हा आहे आणि त्याला मी कणभरही सूट देत नाही. परंतु त्याला कंत्राट देताना आमच्या खरेदी विभागाने ‘त्यांनी टेंडरमध्ये हा दर स्वीकारला आहे’ एवढेच पाहिले, आणि अजूनही तेच वाक्य मला ऐकवले जाते.

त्या बाई रुग्णालयातून नर्सिंग होममध्ये गेल्या. चौकशीच्या नियमांप्रमाणे त्यांना यातून काय व्हावेसे वाटते, हे मी विचारले. त्यांना घरी जायचे होते, आणि सकाळी येणाऱ्या मुलीला यात त्रास होऊ नये असे वाटत होते. जिथे दोघींनी जायचे तिथे एकटी जाणारी ती मुलगी म्हणजे तीच, विदर्भातली. तिला एका प्रादेशिक भागीदारीच्या मदतीने, स्पॉन्सर गमावलेल्या केअररसाठीच्या यादीतून, दुसऱ्या परगण्यात नवा स्पॉन्सर मिळाला. शेत अजून गहाणच आहे.

आता केअर ॲक्टच्या कलम ४२ खालची, म्हणजे बाईंच्या संरक्षणासाठीची, चौकशी बंद करण्याचा तक्ता माझ्यापुढे आहे. राष्ट्रीय आकडेवारीसाठी त्यात ‘धोक्याचा स्रोत’ विचारतात आणि उत्तरे तीनच आहेत: सेवा पुरवणारी संस्था, ओळखीतले अन्य कोणी, अनोळखी अन्य कोणी. मी पहिल्यासमोर खूण केली आणि खालच्या मोकळ्या जागेत आमचा तासाचा दर, मिनिटांवरची कपात आणि प्रवासासाठी दिलेली रक्कम, म्हणजे शून्य, असे तिन्ही तपशील लिहिले. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे असे की एका बाईंच्या संरक्षणाच्या कागदावर खरेदीचे धोरण आणू नये, ते स्वतंत्र टिपणात द्यावे. ते सद्भावनेने बोलत आहेत, हे मला माहीत आहे. टिपण मी दिले आहे. तक्त्यातला मजकूर मात्र मी काढलेला नाही, आणि पुढच्या टेंडरचा दर ठरेपर्यंत तो तिथे राहावा यासाठी मी भांडणार आहे.