जळगावच्या मे महिन्यात न थांबलेलं मशीन

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझा असेंबल केलेला पीसी गेला. म्हणजे एकदम नाही गेला, आधी पंधरा दिवस असं चाललं की रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून फोटोसारखं चित्र तयार करायचं काम) लावलं की दुपारी दोन-अडीचच्या सुमारास स्क्रीन काळी आणि सगळं बंद, मग अर्धा तास थांबायचं, परत चालू करायचं, परत तेच. माझं काम घरांचे आणि गोडाऊनचे थ्रीडी व्ह्यू करून द्यायचं, खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. जळगावात बाहेर ४४-४५ डिग्री असतं तेव्हा कूलर लावूनसुद्धा खोलीत ३७-३८ असतं. आणि हे कोणी सांगत नाही पण हिशोब अगदी सोपा आहे, पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाहीत. जो पीसी २५ डिग्रीच्या एसी खोलीत ७० वर चालतो तोच इथे ८०-८५ ला जातो. त्यात माझ्या कॅबिनेटला पुढून अख्खी काच होती, दिसायला भारी, लाइटिंग वगैरे, पण हवा आत यायला बाजूला बोटभर फट. ज्याने बनवून दिला तो म्हणाला अजून दोन पंखे लावू. पंखे लावून काय करणार भाऊ, हवाच आत येत नाहीये तर!

मग खूप शोधून जुनं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठी बनवलेला मोठा कॉम्प्युटर, घ्यायचं ठरवलं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एचपीचं झेड ८२० मिळालं, वापरलेलं, दोन झिऑन ई५-२६७० प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम सकट. हे मॉडेल २०१२ चं. त्याच्या आधीचं झेड ८००, २००९ चं, त्याची डिझाइन बीएमडब्ल्यूच्या डिझाइनवर्क्स स्टुडिओने केली होती आणि ८२० मध्ये तोच बांधा पुढे आलाय. वजन वीस किलोच्या वर. ते रेल्वेने आणलं, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की वर पुढे-मागे जे हँडल दिलेत ते शोभेला नाहीत, दोन माणसं दोन्हीकडून धरून आरामात उचलतात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने एक बाजू धरली आणि म्हणाला, "काय शे भाऊ यामा? भलतं जड शे!"

घरी आल्यावर बाजूचं पॅनल उघडलं. एक मोठा खटका ओढायचा, पत्रा हातात येतो, स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला, कुठली रॅम कुठल्या खाचेत आधी टाकायची ते सगळं चित्रात. आणि जिथे जिथे हात लावून काढता येतं तिथे तिथे हिरवा रंग. हार्ड डिस्क ट्रेमध्ये बसवून आत सरकवली की तिचा कनेक्टर आपोआप बसतो, वायर खेचत बसायचं नाही. पॉवर सप्लायसुद्धा तसाच, हँडल धरून अख्खा बाहेर. माझ्याकडचा ११२५ वॅटचा आहे. आधीच्या पीसीत एक केबल बदलायची तर अर्धा डबा मोकळा करावा लागायचा, ते आठवून मी तिथे खरंच दहा मिनिटं नुसता काढ-घाल करत बसलो होतो.

पण खरी गोष्ट आहे ती मधलं काळं प्लास्टिकचं झाकण. रॅम आणि दोन्ही प्रोसेसर त्याच्याखाली झाकलेले, त्यातच पंखे बसवलेले. वडील बाजूला उभे होते, त्यांना दाखवलं की पुढून हवा येते, या झाकणाखालून रॅम आणि प्रोसेसरवरून जाते, मागून गरम होऊन निघते. ते म्हणाले मग हे बारे देण्यासारखंच झालं की, पाणी ज्या वाफ्यात पाहिजे त्याच वाफ्यात, बाकी वावरात सांडायचं नाही. मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं. झाकण काढून मशीन चालवलं तर उलट जास्त तापतं कारण हवा मग सोप्या वाटेने निघून जाते. लोक गरम होतंय म्हणून साइडचा पत्रा काढून ठेवतात ना, या मशीनला तसं अजिबात करायचं नाही.

रॅमबद्दल पण सांगतो. ही ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडणारी रॅम आहे, दर ६४ बिट डेटामागे ८ बिट तपासणीचे, एकूण ७२. एखादा बिट उलटला तर जागेवर दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान कळवते. अकरा तासांचं रेंडर रात्री लावून झोपायचं तर हे मला फार मोलाचं वाटतं. खाचा १६ आहेत, प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला ८, आणि प्रत्येकाला चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या वाटा, चार. त्यामुळे एकेका बाजूला चार सारख्या पट्ट्या टाकल्या की पूर्ण वेग मिळतो. सगळ्या एकाच बाजूला कोंबू नका.

घ्यायचं असेल तर एक गोष्ट दुकानातच बघा, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना येणाऱ्या सेटिंगमध्ये) सिस्टिम इन्फर्मेशनला बूट ब्लॉकची (बायोसच्या मूळ भागाची) तारीख असते. २०१३ ची असेल तर पुढे व्ही२ चे, म्हणजे याच झिऑनच्या पुढच्या पिढीचे, प्रोसेसर टाकता येतात, २०११ ची असेल तर नाही, आणि बायोस अपडेट करून ती तारीख बदलत नाही. माझं २०११ चं निघालं. मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे मी याच प्रोसेसरवर अडकलोय.

तोटे आहेतच. दोन प्रोसेसर ११५-११५ वॅटचे, बिल वाढलं, आणि घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस याच्यापुढे टिकला नाही, मोठा घ्यावा लागला. ऑटोकॅडमध्ये नुसतं ड्रॉइंग करताना आजचा साधा आय५ याच्यापेक्षा चपळ वाटतो कारण तिथे बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गाभ्यावर) चालतं. एव्हीएक्स२ (नंतरच्या प्रोसेसरमध्ये आलेल्या सूचनांचा संच) मागणारं सॉफ्टवेअर तर यावर चालणारच नाही आणि विंडोज ११ ला हे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला बसवलं की ३२ च्या ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या ओळी) भरतात, आणि या मे महिन्यात, भर दुपारी, एकदासुद्धा बंद पडलं नाही. आवाज वाढतो, पंखे घोंगावतात, पण थांबत नाही.

आता कपाशी घरात यायला लागलीय, जिनिंग सुरू झालं की आमच्या भागात हवेत रुई उडते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर उघडलं तर पुढच्या जाळीवर पांढरा पातळ थर, गोधडीच्या अस्तरासारखा, बोटाने धरून अख्खा सोलून निघाला. यंदा दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करायची असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, पहिली खूण येत्या रविवारची आहे.