शेजारी घुमट आहे की पेटी? गोव्यात गिटार निवडताना

दुकानात गिटार एकटीच वाजते. मांडोच्या, म्हणजे गोव्यातल्या संथ कोंकणी गाण्याच्या, साथीला मात्र तिच्या एका बाजूला घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) असतो आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन, भजनात पेटी आणि पखवाज, फादो या पोर्तुगीज गाण्यात बारा तारांची पोर्तुगीज गिटार. म्हणून लाकूड आणि किंमत पाहण्याआधी एक गोष्ट ठरवावी: ही गिटार कोणाच्या शेजारी बसणार आहे?

पणजी-मडगावच्या दुकानांत भिंतीवर जास्तीत जास्त दिसते ती ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने १९१६ च्या सुमारास हा आकार पहिल्यांदा डिट्सन या विक्रेत्यासाठी बनवला आणि त्या काळच्या प्रचंड युद्धनौकेवरून त्याचं नाव ठेवलं. १९३१ पासून तो मार्टिनच्या स्वतःच्या नावाने निघू लागला. खालचा घेर साधारण ३९७ मिमी रुंद, तारेची लांबी ६४५ मिमी, कंबर फारशी आत नाही. त्यामुळे खर्ज भरपूर आणि आवाज दणदणीत. मोकळ्या अंगणात दहाजण मिळून गाणार असतील, इंग्रजी कंट्री गाणी असतील किंवा चर्चमधल्या तरुणांच्या कॉयरला जोरकस स्ट्रमिंग हवं असेल, तर हीच घ्यावी. फॉस्फर ब्राँझच्या १२-५३ तारा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३) आणि ०.७ मिमीचा पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, तिला शोभतो.

घुमटाशेजारी मात्र हीच ताकद आड येते. मातीच्या मडक्याचा तो घुमारा खालच्या पट्टीतच असतो, आणि ड्रेडनॉटच्या सहाव्या-पाचव्या तारेचा खर्ज त्याच जागेत शिरतो. दोन्ही मिळून नुसता गुडगुडाट होतो आणि गायकांचे दोन आवाज त्यात बुडतात. इथे ओएम किंवा ट्रिपल-ओ आकाराची गिटार घ्यावी. घेर ३८१ मिमी, कंबर चांगली आत, खर्ज आवरलेला आणि मधले स्वर स्वच्छ. ओएमची लांबी ड्रेडनॉटइतकीच, ६४५ मिमी. ट्रिपल-ओची ६३२, म्हणजे त्याच तारा थोड्या सैल लागतात आणि डाव्या हाताला हलक्या जातात.

मांडोची चाल सहा मात्रांची आणि संथ. पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्जाची तार आणि पुढे बोटांनी कॉर्ड, असं वाजवायचं तर उजव्या हाताला जागा लागते. त्यासाठी नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी ४४.५ मिमी असावी. ४३ मिमीच्या नटवर जाड बोटं शेजारच्या तारेला लागतात. तारा ११-५२ पुरतात. बाजू आणि पाठ महोगनीची असेल तर उत्तम, कारण तिचा नाद लवकर विरतो आणि पुढची कॉर्ड येईपर्यंत मागची बाजूला झालेली असते. शिसवीचा नाद लांबतो. एकट्याने वाजवायला तो फार सुंदर, पण मांडो संपून दुलपदाची जलद लय सुरू झाली की तोच नाद एकात एक मिसळतो. शिसव आपल्या सह्याद्रीतली म्हणून ओढ वाटणं साहजिक आहे. तरी साथीसाठी माझं मत महोगनीलाच.

फादोचं गणित वेगळं. तिथे पोर्तुगीज गिटारच्या धातूच्या तारा लखलखीत वाजत असतात. शेजारी आणखी स्टीलची झगमग नको, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार हवी. नट ५२ मिमी, लांबी ६५० मिमी. टॉप, म्हणजे वरची फळी, सीडरचा असेल तर हलक्या स्पर्शालाही लगेच बोलतो. जोरात मारलं की सीडर गुदमरतो, तिथे स्प्रूस जास्त ताण पेलतो. बोसानोव्हालाही हीच गिटार. फ्लेमेंकोची मात्र वेगळी मिळते: सायप्रसची पाठ, खाली बसलेल्या तारा आणि बोटांनी टॉपवर ठोके देता यावेत म्हणून चिकटवलेली पारदर्शक पट्टी.

क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नायलॉनचा संच साधारण ४० किलोने ओढतो, १२-५३ चा स्टील संच सत्तरहून जास्त किलोने. आतल्या पट्ट्या त्या ओढीसाठी नसतात आणि बहुतेक क्लासिकल गिटारमध्ये ट्रस रॉड (मानेतली आधाराची सळई) ही नसतो. काही महिन्यांत ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) मागे टॉप फुगतो, नेक (मान) पुढे झुकते, आणि एक दिवस ब्रिज लाकडाचे तुकडे घेऊनच उखडतो.

भजन आणि भावगीतासाठी आकारापेक्षा कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, जास्त महत्त्वाचा. गायकाने काळी एक सांगितली की पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो आणि सी (C) कॉर्डचे आकार. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर डीचे, काळी चारला पहिल्या फ्रेटवर जीचे, पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर डीचे. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावावा, मध्ये लावला की तार ताणली जाऊन सूर चढतो. पेटी नेहमी ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावरच असेल असं नाही. आधी पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनरला ऐकवावी आणि ट्यूनरचा ४४० चा आकडा त्याप्रमाणे खालीवर करावा. मग गिटार लावावी. हे न केल्यास दोन्ही वाद्यं आपापल्या जागी सुरात आणि एकत्र बेसूर. मींड घ्यायची हौस असेल तर १०-४७ च्या तारा लावाव्यात.

तियात्राच्या किंवा जत्रेतल्या नाटकाच्या रंगमंचावर पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरकडे नेणारं साधन, लागतोच. सॅडलखालचा, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिएझो पिकअप पुरतो. मोठ्या पेटाऱ्याची गिटार स्पीकरजवळ हुंकारायला लागते, तेव्हा साउंडहोलला रबरी झाकण लावावं आणि १०० ते २०० हर्ट्झचा भाग थोडा उतरवावा. केबल खोचली की सर्किट चालू होतं, म्हणून वाजवून झाल्यावर ती काढावी. नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी ऐन प्रयोगात संपते.

विकत घेताना साउंडहोलची कड पाहावी. वरच्या लाकडाच्या रेघा कडेतून सरळ आत उतरत असतील तर टॉप सॉलिड, थर दिसले तर प्लायचा. मग सहाव्या तारेला पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबावं आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट पाहावी. झेरॉक्सचे दोन कागद, म्हणजे जवळपास ०.२ मिमी, जेमतेम सरकले की नेक ठीक. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला १.८ आणि सहाव्या तारेला २.४ मिमीच्या आसपास असावी. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा घालून पाहावा. आत शिरला तर ती गिटार ठेवून द्यावी.

आता पाऊस. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या वर असते. सॉलिड टॉप पाणी शोषतो, फुगतो, ब्रिजला उचलतो आणि तारा उंच होतात. आवाजही बसका येतो. म्हणून जी गिटार सतत बाहेर, गाडीतून, भर पावसात जाणार तिचा टॉप प्लायचा असलेला बरा. आवाज थोडा कमी, पण हवेबरोबर ती फारशी हलत नाही. सॉलिड टॉप घेतला तर बंद केसमध्ये छोटा हायग्रोमीटर आणि ४९ टक्क्यांचं आर्द्रता पाकीट ठेवावं. सिलिका जेल वापरत असाल तर रंग बदलला की तापवून वाळवावं. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नये, ती भिंत ओल धरते आणि गिटारच्या पाठीला बुरशी येते. उलट, उन्हात बंद गाडीत ठेवली तर डिंक सैल पडतो.

जुलैत तारा उंच झाल्या म्हणून सॅडल घासून घेऊ नका. जानेवारीत हवा कोरडी झाली की टॉप खाली बसतो आणि प्रत्येक फ्रेटवर बझ (तार फ्रेटला लागून खरखर) येतो. घासलेलं सॅडल परत वाढत नाही. त्याऐवजी दोन सॅडल करून घ्यावीत, एक पावसाळ्याचं, एक बाकीच्या वर्षाचं. पावसाळ्याचं साधारण अर्धा मिलिमीटर बुटकं. तारा बदलताना सॅडल बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या तारा तशाही चतुर्थीनंतर बदलाव्या लागतातच.