सकाळी आजारी, दुपारी ठणठणीत

आमच्या घरचा कॉम्प्युटर रोज सकाळी मरायचा आणि साधारण चौथ्या खेपेला जिवंत व्हायचा. बटण दाबलं की पंखे घोंगावायचे, लोगो यायचा, त्याखाली ठिपके गोल फिरायला लागायचे आणि दोन-चार फेऱ्या होतात न होतात तोच निळा पडदा. त्यावर तो रडवेला चेहरा, खाली सरकणारी टक्केवारी, आणि मी चष्मा शोधेपर्यंत मशीन आपोआप रीस्टार्ट. पुन्हा लोगो, पुन्हा ठिपके. मधेच कधी 'ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणून स्वतःचीच तपासणी करत बसायचा आणि काही सापडलं नाही म्हणून हात वर करायचा. एकदा का चालू झाला, की रात्री बंद करेपर्यंत कुरकुर नाही. व्हिडिओ बघा, पन्नास टॅब उघडा, मुलीला गेम खेळू द्या, ढिम्म.

पहिला आठवडा मी काहीच केलं नाही. चालू होतोय ना शेवटी! मग एक दिवस सातव्या खेपेलाही होईना, तेव्हा डोकं लावायचं ठरवलं.

आधी तो निळा पडदा नीट वाचता यायला हवा होता. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असा भाग असतो, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढली. त्यामुळे पडदा जागच्या जागी थांबायला लागला आणि फोनने निवांत फोटो काढता आला. मुलीची अर्धवट वापरलेली एक वही घेतली आणि रोजची नोंद सुरू केली: किती वाजता, कितव्या खेपेला, पडद्यावर काय लिहिलं होतं. पुढे सगळा गुंता सुटला तो या वहीमुळे. पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण मी नुसती लिहीत होते, वाचत नव्हते.

माझा पहिला संशय अपडेटवर. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स अशीच सुरू होता होता आपटली होती, आणि इलाज होता सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जरुरीपुरतंच चालू करून, एक फाइल उडवणे. तेव्हापासून असं काही झालं की अपडेटचंच नाव डोक्यात येतं. मी सेफ मोडमध्ये गेले, अलीकडचे अपडेट काढले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत विंडोजच्या फाइली तपासणारं 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवलं, डिस्क तपासणारं 'चेकडिस्क' चालवलं. दोन्हींनी प्रकृती उत्तम असल्याचा दाखला दिला. खात्रीसाठी पाच वेळा रीस्टार्ट केलं. पाचही वेळा सुरळीत. मी घरात जाहीर करून टाकलं की दुरुस्त झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा पडदा.

माझा मामेभाऊ या क्षेत्रातला आहे. तो दूरच्या गावी, त्यामुळे सगळं फोनवर. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला लावलं. तिथे रोज सकाळच्या वेळेला 'कर्नेल पॉवर, ४१' अशी लाल नोंद. पॉवर हा शब्द बघून मी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, गेला असंच धरून चालले. तो म्हणाला, "ताई, घाई नको. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता थांबलं, एवढंच. का थांबलं ते त्यात नसतं." तरी मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन व्होल्टेज बघितलंच. १२ व्होल्टच्या तारेवर ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचं १२.१ होतं. बायोसमधला आकडा म्हणजे काही मल्टीमीटर नव्हे, पण एसएमपीएसला तूर्त सोडून दिलं.

मग मला फास्ट स्टार्टअपचा शोध लागला आणि त्यात माझे चार दिवस गेले. आपण 'शट डाऊन' म्हणतो तेव्हा कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो असा माझा समज होता. विंडोज ८ पासून तसं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा, म्हणजे कर्नेल, जसाच्या तसा डिस्कवरच्या एका फाइलीत लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत मेमरीत ओततं. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणजे नाव बघता वाटतं त्याच्या बरोबर उलट! माझं तर सगळं कोडं यात बसत होतं. दिवसा रीस्टार्ट करते तेव्हा नीट, रात्री शट डाऊन करून सकाळी लावते तेव्हा आपटतो. ती साठवलेली फाइलच नासलेली असणार. इतकं सुंदर उत्तर सापडल्यावर ते चूक कसं असेल? पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. पुढच्या सकाळी तिसऱ्या खेपेला चालू झाला. त्यापुढच्या सकाळी पाचव्या. तरी दोन दिवस मी त्या उत्तराला धरून बसले, उगाच.

त्यानंतर कधीतरी वही चाळत बसले होते. सहा सकाळी, सहा नोंदी. त्यांत एकदा 'मेमरी मॅनेजमेंट'. दोनदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. विंडोजच्या फोल्डरात मिनीडम्प नावाचा एक कप्पा असतो, त्यात प्रत्येक आपटीचा छोटा पंचनामा राहतो. तोही उघडून पाहिला. एका दिवशी आरोपी नेटवर्कचा ड्रायव्हर, दुसऱ्या दिवशी ग्राफिक्सचा, तिसऱ्या दिवशी फाइल सिस्टिमचा. मी आजवर दर वेळी त्या त्या दिवसाच्या आरोपीला धरत होते. सगळे पंचनामे शेजारी ठेवल्यावर दिसलं की आरोपी रोज नवा आहे. खोट एकाच ड्रायव्हरमध्ये असती तर त्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं असतं. रोज वेगळा माणूस घसरतोय म्हटल्यावर दोष फरशीचा. इथे फरशी म्हणजे रॅम, सगळ्यांची कामाची मेमरी.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी चालवली: काही दोष नाही. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावलं. हेही विंडोजच्या बाहेर चालतं, कारण विंडोज ज्या मेमरीत स्वतः बसलेलं असतं ती त्याला उठवून तपासता येत नाही. दिवसभराचं काम उरकून रात्री दहाला लावलं आणि झोपले. पहाटे पाहिलं तर चारही फेऱ्या पूर्ण, चुका शून्य.

खरं सांगायचं तर तेव्हा मी चिडले. आणि चिडून जे करतात ते केलं, विंडोज नव्याने टाकलं. सकाळी दोन आपट्यांच्या मधे घाईघाईने फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, दुपारी डिस्क पुसली, विंडोज विनातक्रार बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोऱ्या करकरीत विंडोजवर निळा पडदा. यातून एवढं तरी पक्कं झालं की सॉफ्टवेअर निर्दोष आहे. पण त्याची किंमत नंतर कळली. उतरवलेल्या फोटोंपैकी काहींचा वरचा भाग नीट होता आणि मधल्या एका रेषेपासून खाली सगळं राखाडी. कॉपी होणारी प्रत्येक गोष्ट मेमरीतून जाते. मेमरीने मधे एखादा आकडा बदलला तर कॉपी करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, फाइल गेली म्हणून तो मोकळा. बहुतेक फोटो फोनमध्ये होते. मुलीचे चार-पाच नव्हते.

हे सगळं भावाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, मेमरी टेस्ट कधी लावली होतीस?"

"रात्री दहाला."

"म्हणजे मशीन दिवसभर चालू होतं."

"हो मग?"

"दुखणं सकाळचं, आणि तू तपासतेस रात्री."

मी मनात एकेक आठवत गेले. रीस्टार्ट करून पाहिलं ते दुपारी. विंडोजची तपासणी संध्याकाळी. मेमटेस्ट रात्री. विंडोज टाकलं तेही दुपारी. प्रत्येक चाचणी मी मशीन ठणठणीत असतानाच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोजला हातच लावू दिला नाही. रात्रभर थंड पडलेलं मशीन थेट पेनड्राइव्हवरून सुरू केलं. पाच मिनिटंही झाली नसतील, लाल ओळी सुरू. इतके दिवस निळ्याला वैतागलेली मी लाल रंग बघून चक्क आनंदले. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात: काय लिहिलं होतं आणि वाचताना काय मिळालं. लिहिले होते आठ 'एफ', आणि वाचताना सातव्या जागी 'बी'. पुढची ओळ, मेमरीतला पत्ता वेगळा, पण सातव्या जागी 'बी'. त्याच्या पुढचीही तशीच. संगणकाच्या मोजणीत 'एफ' म्हणजे चार एक, ११११. 'बी' म्हणजे १०११. असा प्रत्येक एक किंवा शून्य म्हणजे एक बिट. म्हणजे बत्तीस बिटांपैकी एकच बिट, नेमका तोच, प्रत्येक पत्त्यावर पडत होता. अर्ध्या तासाने मशीन तापलं आणि ओळी यायच्या थांबल्या. फोटो पाठवला. भाऊ म्हणाला, चिपमधला एखादा कप्पा खराब असता तर ठरावीक पत्त्यांवरच चूक दिसली असती. पत्ते बदलतायत आणि बिट तेच, म्हणजे एखाद्या तारेचा संपर्क धड नसेल.

पुढचे चार दिवस मजेशीर गेले. दोष फक्त थंड मशीनवर दिसत असल्याने दिवसाला एकच प्रयोग! आमच्या मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट आहेत आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पट्ट्यांच्या स्टिकरवर पेनाने 'क' आणि 'ख' लिहिलं. रोज रात्री मशीन बंद करून प्लग काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची आणि मगच पट्टीला हात. पहिल्या सकाळी एकटी 'क' दुसऱ्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. दुसऱ्या सकाळी एकटी 'ख' तिथेच: स्वच्छ. म्हणजे पट्ट्या दोन्ही चांगल्या. तिसऱ्या सकाळी 'क' चौथ्या स्लॉटमध्ये: लाल, सातव्या जागी 'बी'. चौथ्या सकाळी 'ख' चौथ्यात: तेच.

नव्या पट्ट्या घ्यायची तयारी मी मनातल्या मनात केली होती, त्यांचा काडीचाही दोष नव्हता. टॉर्च लावून चौथ्या स्लॉटमध्ये डोकावले तर मधोमध धुळीचा एक राखाडी तंतू पडलेला. सगळे सांगतात की रॅम काढून खोडरबराने घासा. ते चालतं बऱ्याचदा, पण माझ्या मते निम्म्या वेळा नुसतं काढून परत बसवल्यानेच काम होतं, आणि रबराचा भुगा मात्र आत जायचा धोका राहतो. मी मऊ ब्रशने तंतू काढला, पट्ट्यांचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, वाळू दिले आणि दोन्ही जागच्या जागी बसवल्या. अकरा सकाळी पहिल्या खेपेला चालू. बाराव्या सकाळी निळा पडदा.

या वेळी टॉर्च तिरका धरला. आतल्या बारीक टाचण्यांच्या रांगेत एक शेजारणींपेक्षा किंचित मागे दबल्यासारखी दिसली, किंवा मला तशी भासली. मशीन तापल्यावर धातू केसभर प्रसरण पावून तिथे टेकत असावा, असा माझा तर्क. सुईने पुढे ओढायचा मोह झाला होता. भाऊ म्हणाला, "उरलेले तीन स्लॉट तरी जिवंत ठेव."

पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये गेल्या. मॅन्युअल दुसरा-चौथा वापरा म्हणतं, आणि त्याला कारण आहे: इथे रॅमचा ३२००चा वेग टिकेना, २६६६वर आणावा लागला. रोजच्या कामात मला तरी फरक जाणवत नाही. फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू केलं, त्या बिचाऱ्यावर उगाच आळ आला होता. चौथ्या स्लॉटवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर फुली मारली आहे. वही अजून कीबोर्डच्या बाजूला असते. शेवटची नोंद: सकाळी ७.१०, पहिली खेप.