गाणी तयार नाहीत, स्टुडिओ घेऊ का?

माझा पुण्यात छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. वर्षातून चार-पाच बँड तरी फोनवर हेच विचारतात, "दादा, गाणी अजून पूर्ण नाहीत. थेट स्टुडिओत बसून बनवली तर चालेल का?" मी जरा थांबलो की पुढचं वाक्य येतंच. "टॉकिंग हेड्सनी तसंच केलं होतं ना?"

केलं होतं. अल्बमचं नाव 'रिमेन इन लाइट', बाजारात आला ऑक्टोबर १९८० मध्ये. पंक रॉकच्या पाठोपाठ न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबातून वर आलेला हा न्यू वेव्ह बँड त्या उन्हाळ्यात बहामाजमधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत उतरला, तेव्हा त्यांच्याकडे एकही पूर्ण गाणं नव्हतं. तुम्ही ऐकलंय ते खरंच आहे. पण तिथे काय नव्हतं एवढंच तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. काय होतं, ते मी सांगतो.

ड्रमवर ख्रिस फ्रांट्झ आणि बेसवर टीना वेमथ, म्हणजे नवराबायको. कलाशाळेपासून एकत्र, एकमेकांचा श्वास ओळखणारे. आधीचे तीन अल्बम. त्यातल्या तिसऱ्याच्या पहिल्याच गाण्यात आफ्रिकन ठेक्याची चव लागलेली, आणि नायजेरियन संगीतकार फेला कुटीच्या रेकॉर्डची पारायणं झालेली. शिवाय निर्माता ब्रायन ईनो, जो स्वतःला 'वादक नसलेला' म्हणवून घ्यायचा आणि त्यामुळेच वादकांना न सुचणारे प्रश्न विचारायचा.

पद्धत अशी. टेप सुरू करायची आणि प्रत्येकाने आपला एक छोटा तुकडा धरायचा. दोन-चार स्वरांचा, फार तर. तो मिनिटामागून मिनिटं तसाच वाजवत राहायचा, सजवायचा नाही. आज तुम्ही चार मात्रांचा तुकडा रेकॉर्ड करता आणि कॉपी-पेस्ट करून मोकळे होता. त्यांच्याकडे ती सोय नव्हती. लूप हातांनी वाजवायचा होता, म्हणजे प्रत्येक आवर्तनात केसभर फरक. तो फरक हीच त्या अल्बमची जान आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यावर तुकड्यावर तुकडा चढत गेला. कॉर्ड जवळपास बदलतच नाही. मग मुखडा कुठला आणि अंतरा कुठला, हे मिक्सिंग डेस्कवर ठरायचं. हे चॅनल बंद, ते चालू, की झाला अंतरा.

माझ्याकडे आलेल्या पोरांना मी एक खेळ करायला लावतो. त्याच अल्बममधलं 'वन्स इन अ लाइफटाइम' लावतो आणि सांगतो, सम जिथे वाटते तिथे टाळी द्या. चौघांपैकी एकाची तरी टाळी भलतीकडेच पडते. मग भांडण. गंमत म्हणजे हाच घोळ स्टुडिओतही झाला होता. बँडची तिसरी मात्रा ईनोला पहिली वाटत होती. आपल्याकडे एखाद्या तबलजीने असं केलं असतं तर गायकाने मान वळवून नुसतं पाहिलं असतं. ईनोने उलट सगळ्यांना सांगितलं, ज्याला जशी ऐकू येते तशी वाजवा. ते गाणं ऐकताना जमीन किंचित सरकल्यासारखी वाटते, त्याचं एक कारण हे.

आता किंमत बघा. कामाची ही तऱ्हा न पटून ध्वनिमुद्रक ऱ्हेट डेव्हिस सुरुवातीलाच निघून गेला. (धंदाबंधू म्हणून माझी त्याला पूर्ण सहानुभूती आहे. दिवसभर एकच रिफ ऐकून मीही एकदा चहाच्या निमित्ताने खाली जाऊन तासाभराने वर आलोय.) शब्दांचं तर विचारूच नका. बँडचा गायक डेव्हिड बर्न, त्याला काही सुचेना. तो टेपा न्यूयॉर्कला घेऊन गेला, ट्रॅकवर अर्थहीन अक्षरं गुणगुणत बसला, रेडिओवरच्या धर्मोपदेशकांची लय उचलली आणि त्यातून ओळी काढल्या. तिथेच एड्रियन बलूचं गिटार आणि नोना हेंड्रिक्सचा आवाज चढला. आठ गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं, आणि त्यासाठी दोन देशांतले स्टुडिओ. बिल रेकॉर्ड कंपनीच्या नावावर. तुमचं बिल तुमच्या बाबांच्या जीपेवरून येतं, हे मला माहीत आहे.

पण पैशापेक्षा महाग पडलं ते वेगळंच. बँडमधल्या चौघांनी आणि ईनोने तुकडे जोडून बनवलेलं गाणं कोणाचं? ज्याने शब्द लिहिले त्याचं, की ज्या बेसवर ते शब्द उभे राहिले तिचं? श्रेय सगळ्यांना नावानिशी द्यायचं, अशी बँडची समजूत होती. कव्हर छापून आलं त्यावर 'डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो, टॉकिंग हेड्स' असं. म्हणजे दोघं नावाने आणि बाकीचे बँडच्या पोटात. फ्रांट्झ आणि वेमथ भडकले, आणि का भडकू नये? पुढच्या आवृत्त्यांवर पाचही नावं आली, पण ईनोने त्यांचा अल्बम पुन्हा केला नाही. नवराबायकोने १९८१ मध्ये त्याच कंपास पॉइंटमध्ये टॉम टॉम क्लब नावाचा स्वतःचा बँड उभा केला. ध्वनिमुद्रक स्टीव्हन स्टॅनलीही तिथलाच, 'रिमेन इन लाइट'वर काम केलेला.

तेव्हा माझं उत्तर असं: या, गाणी नसली तरी चालेल. महिनाभर एकत्र वाजवून या, आणि दोन मिनिटं एकच तुकडा कंटाळा न येता वाजवता येतो का, ते घरीच बघून या. आल्यावर आधी जिन्यात बसायचं आणि कोणाची नावं कुठे लागणार ते कागदावर लिहायचं. त्या वेळेचं भाडं मी घेत नाही.

मागच्या महिन्यात आलेल्या पाच जणांनी लिहिलं. दोन चहा झाले, थोडा आवाजही चढला, मग कागद माझ्या हातात दिला. मी मोजली, नावं चारच होती. बेसवाल्याचं राहिलं होतं. कागद त्यानेच लिहिला होता.