मागच्या पडवीतली चूल

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनावरून गेलं, तेव्हा मागच्या पडवीचे पत्रे उडाले आणि पाऊस थेट आईच्या चुलीवर कोसळला. बघता बघता तिचा चिखल झाला. वाडीत सुपारी मोडून आडवी पडली होती, घरावरची कौलं गेली होती. त्या सगळ्यात चुलीचा विषय कोणी काढला नाही, आईनेही नाही. पण नंतर गॅसवर भाजलेला बांगडा ती दोन घास खाऊन बाजूला सारायची, ते मला दिसत होतं.

गेल्या दिवाळीनंतर पडवी पुन्हा बांधायला काढली. चूल, निखाऱ्यावर भाजायची जाळी आणि मोरी, तिन्ही एका ओळीत आणि उभ्याने वापरता येतील अशी. आईला आता खाली बसवत नाही. गवंडी म्हणाला, नेहमीसारखा पावणेतीन फुटांचा ओटा घालू. पण त्यावर चूल आणि चुलीवर टोप चढला की आईचा हात खांद्यापर्यंत जाणार. म्हणून तिला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि तिथे खडूने रेघ मारली. रेघ आली 37 इंचांवर. टोपाचा काठ 36 वर धरला. त्यातून टोपाचे 7 आणि चुलीचे 9 वजा केले, ओट्याला उरले 20 इंच. गवंड्याला ते फार बुटकं वाटलं. मी ऐकलं नाही, आणि ते बरं झालं.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. आमच्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. चुलीचं तोंड पूर्वेला केलं तर धूर रांधणारीच्या डोळ्यांत, पश्चिमेला केलं तर वारा आत घुसून लाकडं भराभर जळतात. म्हणून तोंड उत्तरेला ठेवलं आणि पश्चिमेला चिऱ्याची साडेतीन फुटांची आडभिंत घातली. वर सगळं मोकळं. निखाऱ्याच्या खणात मात्र चिरा उघडा ठेवला नाही. पाणी प्यालेला दगड एकदम तापला की तडकतो. आतून भट्टीच्या विटा लावल्या.

जाळीसाठी दुकानात चकचकीत, स्वस्त माल होता, पण त्यावर जस्ताचा मुलामा. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि फुललेले निखारे त्याहून कितीतरी गरम असतात. तो धूर छातीत गेला तर माणूस तापाने फणफणतो. कुणी जाळी करून घेणार असेल तर इथे पैसे वाचवू नका. मी स्टीलच्या 8 मिलिमीटरच्या सळ्या जोडून घेतल्या, बोटभर अंतराने.

चूल मात्र आईनेच घातली. वारुळाची माती, भाताचा तूस, थोडं शेण. लेक म्हणून मी फक्त माती तुडवून दिली. ओल्या तळव्याने ती चुलीच्या कडा वळवत होती, अंगठा आतल्या बाजूने, चार बोटं बाहेरून, आणि मध्येच थांबून हात आडवा धरून माप बघायची. तिसऱ्या दिवशी भेगा पडल्या. तिने त्या पातळ शेणमातीने बुजवल्या आणि म्हणाली, "घाई करू नकोस रे. आतून सुकूं दे." आठ दिवसांनी चार करवंट्यांचा लहानसा जाळ केला.

पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगांसाठी, काही बांधलं नाही. आत भांबुर्ड्याचा पाला घातलेलं ते मडकं जमिनीवरच उलटं ठेवावं आणि भोवती जाळ करावा, त्याला ओटा कशाला?

पहिल्या बांगड्याला मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ, एवढंच. मी तो उलटायला गेलो तर आईने माझं मनगट धरलं. "सोडूं दे त्याला." कातडी आधी सळीला घट्ट चिकटलेली होती. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चुर्र झालं, पुन्हा झालं, आणि मग शेपटीकडून मासा आपणहून सुटला. आईने तो एका हाताने उलटला, ताठ उभी राहून. त्या दिवशी तिने दोन बांगडे खाल्ले, काटे चोखून.