कोजागरीपासून भोगीपर्यंत

१३ जानेवारी, भोगी. रात्रीचे साडेदहा.

आज लिहूनच टाकतो. तीन महिने झाले, मनातून जात नाही.

कोजागरीला घरातल्या थोरल्याला ओवाळतात ती आश्विनी, आईनं माझी सोडून धाकट्याची केली.

एवढंच. चोपन्नाव्या वर्षी माणसानं हे इतकं मनाला लावून घ्यावं का, असं कुणीही विचारेल. ही विचारतेच. "अहो, ओवाळलं ते तुमच्याच भावाला ना? परक्याला तर नाही?" तिचं खरं आहे. पण त्या रात्रीपासून घशात काहीतरी अडकलंय, ते दिवाळीच्या फराळानंही खाली गेलं नाही आणि संक्रांत आली तरी तिथंच आहे.

गच्चीवर सतरंजी टाकली होती. समोर अजिंक्यतारा चांदण्यात धुऊन काढल्यासारखा. दूध आटून निम्म्यावर आलं होतं, केशराचा रंग उतरला होता, वर चारोळ्या तरंगत होत्या. धाकटा किती वर्षांनी सगळ्यांना घेऊन पुण्याहून आला होता, त्यामुळे गच्ची भरल्यासारखी वाटत होती. हिनं तबक तयार ठेवलं होतं: कुंकू, अक्षता, सुपारी, आईची अंगठी, निरांजन. पाट मांडलेला. मी खाली जाऊन तोंडावर पाणी मारून, सदरा बदलून वर आलो. दर वर्षी तसाच येतो.

आई म्हणाली, "मोठा कुठाय? बस रे पाटावर." आणि तिनं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच 'बस' म्हटलं. दुसरं काय करणार होतो? तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी-सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. "औक्षवंत हो." सगळं नीट, क्रमानं. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. मुलं सुद्धा गप्प. मी दुधाचे पेले भरत राहिलो.

मला वाईट कशाचं वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही. विसरली म्हणून? ती हल्ली बरंच विसरते. डॉक्टर काय म्हणाले ते इथं लिहायचं नाही. पण ती विसरली असती तर कुणालाच ओवाळलं नसतं. तिनं 'मोठा' म्हटलं. मोठा तिच्या लक्षात होता. मग तिथं मी का नव्हतो?

अण्णा गेले त्या वर्षी कोजागरीला तिनं तबक हिच्याकडे सरकवलं होतं. "माझ्या हातून कशाला आता." मी तिथल्या तिथे सांगितलं होतं, ओवाळशील तर तूच, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. ती बराच वेळ पदरानं हात पुसत उभी राहिली, मग आली. ते मी भांडून मिळवलेलं होतं. म्हणून जास्त लागलं असेल.

आणि रोजचं काय? सकाळी गोळी मी देतो, पायाला तेल मी लावतो, रात्री दोनदा उठून तिच्या खोलीतला दिवा मी बघतो. मला त्याचं काही नको आहे. वर्षातून एकदा ते निरांजन तोंडासमोरून फिरायचं, डोळ्यांना ऊब लागायची, तेवढंच तर माझं होतं. आमच्या घरात मोठा म्हणून मी खूप काही केलं असेन, पण मोठा म्हणून मला काही मिळालं असेल तर ते हेच.

लहानपणी दिवाळीचे कपडे तिघांनाही यायचे. कोजागरीचा कोरा सदरा मात्र माझ्या एकट्याचा. बेबीला त्याचं काही नव्हतं. धाकटा पाटाशेजारी उकिडवा बसून बघायचा. एकदा त्यानं विचारलं, "मला कधी?" आई म्हणाली, "तू मोठा झालास की." पुढच्या वर्षी तो आंघोळ करून, भांग पाडून पाटावर येऊन बसला. म्हणाला, "झालो मोठा." सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो होतो.

हे मला कोजागरीच्या रात्री अंथरुणावर आठवलं आणि झोप गेली.

दिवाळीत भाजणीच्या वेळी मी तिच्या शेजारी बसून होतो. हिनं सहज विचारलं, आई, माप काय घ्यायचं? तिनं कढईवरून मान वर न करता सांगितलं: चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, मूठभर पोहे, धने-जिरे वेगळे भाजून. मंद आचेवर, आणि तांदळाचा रंग बदलायच्या आत उतरव. एक शब्द मागेपुढे नाही. चकल्या काट्याला काटा उभ्या राहिल्या. मी खाल्ल्या, चांगल्याही लागल्या, पण मनात हेच: अर्धी वाटी मुगाची डाळ आईच्या ध्यानात आहे.

भाऊबीजेला बेबी आली. ओवाळताना म्हणाली, "दादा, तुझा चेहरा असा का?" मी म्हटलं, पहाटे उठलोय, झोप झाली नाही. नंतर जुन्या घराचा विषय निघाला. तो नको.

तेव्हापासूनच दुसरी एक गोष्ट सुरू होती, आणि मी तिचा अर्थ भलताच लावून बसलो होतो. आई मला अहो-जाहो करायला लागली होती. "उठलात का?" "चहा घेताय ना?" "बाहेर निघालात तर मफलर घ्या." आमच्याकडे ही रागाची भाषा. लहानपणी मी उशिरा घरी आलो की "या, बसा, पाटपाणी घेऊ का आपलं?" असं व्हायचं, की समजायचं, आज काही खरं नाही. दसऱ्याच्या आधी गोळ्यांवरून माझा आवाज चढला होता. चढायला नको होता. ती मुठीत गोळी लपवून ठेवत होती आणि माझा संयम सुटला. तेव्हा मला वाटलं, ते तिनं धरून ठेवलंय. कोजागरीला पाटावरून उठवलं तेही त्याच रागानं. दोन्ही गोष्टी एकीत एक इतक्या नीट बसल्या की मी दुसरा विचारच केला नाही. तुळशीच्या लग्नाला ती मंगलाष्टकं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत होती, मी अंतरपाट धरून उभा होतो, आणि मनातल्या मनात तिची माफी मागत होतो.

चंपाषष्ठीला तळी भरायची होती. आमचा देव पालीचा खंडोबा. तळी उचलायला माणसं विषम लागतात, पाच तरी. धाकट्याला सुट्टी नव्हती. शेजारचे दोघे आले, भाचा आला, चिरंजीव आणि मी. ताम्हनात खोबरं, सुपारी, विड्याची पानं, भंडारा. आई आतून आली ती हातात टोपी घेऊन. नऊ वर्षं ट्रंकेत होती ती. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. "तुमची टोपी घाला आधी," म्हणाली, "बोडक्या डोक्यानं तळी उचलतात का?"

मी घातली. कानावर जरा घट्ट बसली. येळकोट येळकोट जय मल्हार म्हणताना माझा आवाज भरून आला होता. मला वाटलं, राग गेला तिचा. मला तिनं मोठं केलं, घरातली ती जागा दिली. त्या दिवशी आषाढी एकादशीनंतर पहिल्यांदा घरात वांगं शिजलं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, वर कांद्याची पात, आणि मी दोन रोडगे जास्त खाल्ले. वाटलं, संपलं सगळं.

संपलं नव्हतं. रात्री परत तेच. मग आश्विनी का नाही?

आज सकाळी आम्ही दोघं ओसरीवर भोगीच्या भाजीची तयारी करत बसलो होतो. ऊन छान पडलं होतं, पण हवेला बोचरेपणा होता, म्हणून तिच्या पायांवर शाल टाकली होती. परातीत वांगी, गाजरं, पावटे, वालाच्या शेंगा. ती बोरं पुसत होती, मी हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. घाट्यांनी बोटं आंबट-खारट होतात, नखांच्या कडेला चुरचुरतात. बराच वेळ दोघंही गप्प होतो.

मग ती म्हणाली, "आज सांगितलं नाहीत ते? संक्रांत सरकते ते?"

हातातला घाटा हातातच राहिला.

संक्रांत सरकते हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही. ते अण्णांचं. दर भोगीला, सोलाणे सोलताना, आम्हा तिघांना समोर बसवून. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांच्या हिशेबानं चालणारं, म्हणून संक्रांत जानेवारीत. आणि ताऱ्यांचं निरयन वर्ष नि ऋतूंचं सायन वर्ष यांत वीस मिनिटांचा फरक, तो साठत साठत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. शंभर वर्षांपूर्वी संक्रांत तेरालाही यायची, आता चौदाला येते, कधी पंधराला. "म्हणजे कुणाच्या लक्षात न येता सण सरकतो बरं का," असं म्हणून ते सोलाण्यांची मूठ तोंडात टाकायचे आणि आई ओरडायची, भाजीला राहू द्या.

मी तिच्याकडे पाहिलं. ती बोर पुसत माझ्या बोलण्याची वाट बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. राग कधी नव्हताच. उठलात का, चहा घेताय ना, मफलर घ्या, तुमची टोपी घाला. कोजागरीला मी सदरा बदलून जिन्यातून वर आलो, त्या चांदण्यात तिला कोण आलेलं दिसलं असेल? आणि ते आलेले असताना पाटावर कोण बसणार? जो मोठा मुलगा तिला समोर दिसत होता, तोच.

तिनं मोठ्यालाच ओवाळलं होतं.

असं लिहिलं की बरं वाटतं, आणि लगेच दुसरं टोचतं. मी त्यांच्या जागी गेलो, तर मग तिचा दादा कुठं गेला? तिच्या लेखी तो आहे, पुण्याला आहे, वर्षा-दोन वर्षांनी घरी येतो. तिला त्याची आठवण येते का? हे आता कुणाला विचारू?

मी सांगितलं. डिसेंबरपासून सुरुवात केली, निरयन-सायन सांगितलं, वीस मिनिटं सांगितली. अण्णा जिथं थांबायचे तिथं थांबलो. आणि मूठभर सोलाणे तोंडात टाकले.

"भाजीला राहू द्या," आई म्हणाली.

दुपारी तिनं हट्टानं भाकऱ्या स्वतः थापल्या. ही शेजारी उभी राहून तवा बघत होती. बाजरीचं पीठ कडकडीत पाण्यात मळलेलं, वरून तीळ पेरलेले, दोन्ही हातांच्या तळव्यांत गोल फिरत फिरत भाकरी मोठी होत गेली, काठ कुठं फाटला नाही. तव्यावर पाण्याचा हात फिरवताना तिनं बोटं भाजून घेतली नाहीत. मला पाहावत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. भाकरी टम्म फुगली. माझ्या ताटात वाढायच्या आधी तिनं कडेनं बोट घालून वरचा पापुद्रा अलगद, अख्खा सोडवला, तीळ वरच्या बाजूला राहतील असा ताटात ठेवला आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवला.

पापुद्रा मला कधी मिळाला नव्हता. तो अण्णांचा. त्यावरून आम्हा दोघा भावांची भांडणं व्हायची, आणि आई म्हणायची, त्यांचं जेवण होऊ द्या आधी. लोणी वितळून तिळांमधून खाली उतरत होतं. मी तुकडा मोडला. खरपूस, थोडा धुराचा वास, मीठ किंचित कमी.

"चांगलाय?"

"चांगला झालाय," मी म्हटलं. आवाज त्यांच्यासारखा आला की काय कोण जाणे. ही एकदम पाठमोरी झाली.

आईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मोठ्याला बोलवा ना जेवायला. गार होतंय सगळं."

ही माझ्याकडे बघायला लागली. मी हात धुतला, गॅलरीत गेलो आणि धाकट्याला फोन लावला. ऑफिसात होता, मागे माणसांचे आवाज येत होते. आमच्याकडून भरदुपारी फोन गेला की तो आधी घाबरतो.

"काय रे दादा? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. आई जेवायला बोलावतेय तुला."

तो काही बोलला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा, मग मागचे आवाज बंद झाले.

"भाजीत बोरं घातलीत का?" त्यानं विचारलं.

मी आत गेलो आणि फोन आईच्या कानाला लावला.