डॅसीला उंदीर म्हणू नका

केपटाउनला पाहुणे आले की टेबल माउंटन ठरलेलाच. परवा मावशीला घेऊन गेले. केबलकारमधून उतरून जरा पुढे गेलो, तर मावशी ओरडलीच, "अगंबाई, केवढा हा उंदीर!" समोर होता डॅसी, खडकांवर राहणारा इथला बिनशेपटीचा प्राणी. मावशीने पिशवीतली चकली काढून त्याच्यापुढे धरली. शेजारून चाललेल्या एका स्थानिक आजींनी तिला लगेच थांबवलं. इथे त्यांना खायला घालत नाहीत, म्हणाल्या.

मावशी हिरमुसली आणि मलाही राग आला. मुक्या जिवाला घास देणं हा आपला संस्कार, त्यात कसला गुन्हा? पलीकडे एक गोरं कुटुंब खुशाल चिप्स टाकत होतं, त्यांना आजी काही बोलल्या नाहीत, हेही सांगते. पण महाबळेश्वरची माकडं हातातलं कणीस हिसकावतात, ती सवय आपणच लावली ना? आजींचं म्हणणं रास्तच होतं.

मला जास्त लागलं ते 'उंदीर' म्हणणं. डॅसीचे जवळचे नातेवाईक म्हणजे हत्ती आणि समुद्रातल्या समुद्रगायी! त्याचे वरचे दोन सुळे हत्तीच्या सुळ्यांसारखे आयुष्यभर वाढतात. वजन जेमतेम चार किलो, पण मादी सात महिन्यांहून जास्त काळ गाभण असते. मांजरीचं दोन महिन्यांत आटोपतं. तळवे रबरासारखे मऊ आणि ओलसर, म्हणून उभ्या कातळावरही पाय घसरत नाही. अंगातली ऊब नीट राखता येत नाही, त्यामुळे सकाळी सगळं खटलं एकमेकांना चिकटून उन्हात पसरतं. एक जण उंच दगडावर पहारा देतो. काळा गरुड दिसला की या पहारेकऱ्याची कर्कश किंकाळी, आणि क्षणात खडक रिकामा!

आफ्रिकान्समध्ये तो क्लिपडास, स्वाहिलीत पिंबी, जुन्या इंग्रजी बायबलात कोनी. खोसा लोक इम्बिला म्हणतात. त्यांची म्हण आहे की शेपट्या वाटल्या जात असताना हा स्वतः गेला नाही, दुसऱ्याला आणायला सांगितलं, म्हणून बिनशेपटीचा राहिला.

इकडे आलात तर सकाळच्या उन्हात बघा. टेबल माउंटनवर गर्दी असेल तर समुद्रकाठच्या हर्मानस गावी कड्यावरच्या पायवाटेने चाला. तिथेही डॅसी दिसतात, आणि सप्टेंबरात समोर समुद्रात देवमासेही.